निवृत्तीचे तैलचित्र आणि रिकामी जागा

मे आणि जून हे आपल्याकडे सेवानिवृत्तीचे महिने. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख लिहून टाकलेली असते, आणि अठ्ठावन्न वर्षांनी त्या तारखेच्या आदल्या दिवशी माणसे घाऊक प्रमाणात निवृत्त होतात. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावीही या दिवसांत निरोप समारंभांची रांग लागते. साध्या शिक्षकाचा वा कारकुनाचा निरोप शाल, श्रीफळ आणि चहा-फराळावर आटोपतो. माणूस मोठ्या हुद्द्यावरचा असेल, त्यातून कलाशिक्षण, नाट्यगृह, वस्तुसंग्रहालय अशा सांस्कृतिक म्हणविल्या जाणाऱ्या क्षेत्राचा कारभारी असेल, तर त्याच्या निरोपाला आणखी एक अलंकार लागतो. तो म्हणजे वर्गणीतून काढवून घेतलेले तैलचित्र. कलेच्या कारभाऱ्याचा गौरव कलाकृतीनेच व्हावा, यात मोठे औचित्य आहे असे सर्वांना वाटते, आणि म्हणून त्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही.

तो विचारला पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे. कृतज्ञता व्यक्त करण्यास माझा विरोध नाही, व्यक्तिचित्र या कलाप्रकारास तर मुळीच नाही. परंतु हाताखालच्या माणसांच्या वर्गणीतून वरच्या माणसाचे चित्र काढणे ही कृतज्ञता नव्हे, तो एक प्रकारचा कर आहे. आणि ज्या क्षेत्राचा कारभार त्या गृहस्थाने सांभाळला, त्या क्षेत्रातील साध्या शिक्षकाची जागा रिकामी असताना भिंतीवरची जागा भरणे, हा आपल्या सांस्कृतिक जीवनातील अग्रक्रम चुकल्याचा पुरावा आहे.

प्रथम वर्गणीचा विचार करू. ही वर्गणी नेहमीच 'ऐच्छिक' असते. परंतु यादी साहेबांच्या कार्यालयातूनच फिरते, तिच्यात प्रत्येकाचे नाव आधीच लिहिलेले असते आणि नावापुढची रिकामी रेघ सर्वांना दिसते. अशा यादीवर सही न करण्याचे स्वातंत्र्य शिपायाला किती असते, हे कोणत्याही कार्यालयात चार दिवस काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बहुधा 'सर्वांना सारखी' म्हणून प्रत्येकी ठराविक रक्कम आकारली जाते आणि तिला समता म्हटले जाते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या समतेचा हिशेब मांडावासा वाटतो. समजा, प्रत्येकी ५०० रुपये ठरले. महिना १०,००० रुपयांवर राबणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या उत्पन्नाचा तो ५ टक्के हिस्सा झाला. महिना १,००,००० रुपये घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या उत्पन्नाचा तो अर्धा टक्का झाला. ज्याच्यापाशी कमी, त्याच्याकडून दहापट अधिक प्रमाणात घेणाऱ्या करपद्धतीविरुद्ध आपण आयुष्यभर भाषणे केली. तीच पद्धत निरोप समारंभात आली की आपणही मुकाट्याने पावती फाडतो.

हा केवळ नीतीचा प्रश्न नाही, नियमाचाही आहे. केंद्र सरकारच्या नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील चौदावा नियम सरकारी नोकराच्या सन्मानार्थ होणाऱ्या सार्वजनिक समारंभांसंबंधी आहे. मानपत्र वा गौरवचिन्ह स्वीकारण्यास त्यात पूर्वपरवानगी आवश्यक मानली आहे. खाजगी व अनौपचारिक स्वरूपाच्या निरोपास तेवढी सूट आहे. त्याच नियमाच्या टिपेत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. निरोपाच्या कार्यक्रमासाठी वर्गणी द्यावी म्हणून कोणत्याही नोकरावर दडपण आणणे निषिद्ध आहे, आणि वरच्या वर्गातील अधिकाऱ्याच्या समारंभासाठी तिसऱ्या व चौथ्या वर्गातील कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करणेही निषिद्ध आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही अशा सत्कारांवर बंधने आहेत. म्हणजे आपण जी मागणी समाजवादी विचार म्हणून करतो, ती सरकारी पुस्तकात कधीचीच छापलेली आहे. अनुदानित संस्था, विश्वस्त मंडळे आणि नगरपरिषदा यांना हा नियम शब्दशः लागू नसेल. त्यामागील विवेक लागू व्हायला हरकत नसावी.

आता चित्राकडे वळू. कलेच्या कारभाऱ्याला त्याच्याच प्रतिमेने निरोप देण्याची ही रीत आपल्याकडे इंग्रजी अमदानीतून आली, आणि तिचे एक ठळक उदाहरण आपल्या शाळांशी थेट संबंधित आहे. हेन्री कोल या इंग्रज अधिकाऱ्याने लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या उभारणीत प्रमुख भाग घेतला आणि १८५७ साली उघडलेल्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमचा, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा, तो पहिला संचालक झाला. १८७३ साली तो निवृत्त झाला. पुढे त्याच म्युझियमच्या एका जिन्याच्या भिंतीवर त्याची मोझेइकमधील प्रतिमा बसविण्यात आली. चेहरा, चौकट, नाव, सारे यथासांग.

हा कोल आपला कोण? मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालयही १८५७ सालचेच. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ते उभे राहिले आणि त्याच्या अभ्यासक्रमावर पुढे साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीचा ठसा उमटला. नमुना समोर ठेवून रेखाटन करणे, श्रेणीवार परीक्षा घेणे, कलेला कारागिरीच्या व उद्योगाच्या उपयोगी पाडणे, ही ती पद्धत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नावांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुले आजही ज्या चित्रकला परीक्षांना बसतात, त्यांची वंशावळ या परंपरेपर्यंत जाऊन पोचते. चिखलीच्या शाळेतील मुलगी स्थिरचित्राच्या पेपरात तांब्या आणि दोन लिंबे रंगवते, तेव्हा लंडनच्या जिन्यातील तो गृहस्थ तिचा दूरचा परीक्षक असतो.

कोलच्या कारभाराला दोन बाजू होत्या. त्याने म्युझियममध्ये गॅसचे दिवे लावले आणि दिवसभर राबणाऱ्या कामकऱ्यांना संध्याकाळी कलावस्तू पाहता याव्यात अशी सोय केली. समाजवाद्याने नमस्कार करावा असे हे काम आहे. दुसरीकडे, त्याच्या खात्याने कलाशिक्षणातही निकालावर पैसे देण्याची पद्धत रुजवली. विद्यार्थी परीक्षेत जसे उतरतील तशी शिक्षकाची प्राप्ती, असा तो हिशेब. शिक्षकाच्या स्थिर वेतनाऐवजी मोजून दिलेल्या मानधनाची कल्पना तिथे दिसते. भिंतीवरच्या प्रतिमेत मात्र यांपैकी काहीच दिसत नाही. प्रतिमेला हिशेब देता येत नाही, आणि तिची मुख्य अडचण हीच आहे. कारभारी माणसाचे मूल्यमापन त्याच्या कारभारावरून व्हावे लागते. त्याची दाढी किती हुबेहूब उतरली आहे यावरून ते होत नाही.

कारभाऱ्याचे नाव आणि राबणाऱ्याचे विस्मरण, ही गोष्ट आपल्या शेजारच्या अजिंठ्यानेही दोनदा पाहिली आहे. जे. जे. चे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लेण्यांतील अंधार, ओल आणि वटवाघळे यांच्या सोबतीने या पोरांनी काम केले. त्या प्रतिकृती लंडनला गेल्या, १८८५ च्या आगीत त्यांतील कित्येक जळाल्या. पुढे १८९६-९७ साली अजिंठ्यावरचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो ग्रिफिथ्स यांच्या नावाने. ग्रिफिथ्स यांचे श्रेय मोठे आहे, ते कोणी नाकारू नये. परंतु पेस्तनजी बोमनजींसारखा एखादा अपवाद वगळला तर त्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांची नावे आज सुशिक्षित मराठी वाचकाला सांगता येतील?

मूळ चित्रकारांचे तर काय सांगावे! सोळाव्या लेण्यातील शिलालेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे आणि ते लेणे देणाऱ्या वराहदेव या मंत्र्याची स्तुती आहे. हा वराहदेव हरिषेण राजाचा मंत्री, आणि त्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. पाचव्या शतकातील या प्रशासकाचे नाव दगडात कोरले गेले. रंग घोटणाऱ्यांची आणि कुंचला चालवणाऱ्यांची नावे त्या लेखात नाहीत. तरीही वराहदेवाच्या पदरात एक गोष्ट घालावी लागेल. त्याने मागे ठेवले ते लेणे. लोक आत जाऊन आसरा घेऊ शकतील, भिंतीकडे पाहू शकतील, अशी ती वास्तू होती. त्याच्या नावाची आठवण त्या वास्तूच्या आश्रयाने राहिली.

निवृत्त होणाऱ्या कारभाऱ्याचा गौरव संस्थेच्या रूपाने करता येतो, याचा दाखला मुंबई इलाख्यातही आहे. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे गव्हर्नरपदावरून निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावे प्राध्यापकांच्या जागा निर्माण करण्याचे ठरविले. जाहीर वर्गणीतून २,२९,६५६ रुपये जमले. त्या निधीतून पुढे एल्फिन्स्टन कॉलेजचा पाया घातला गेला. एल्फिन्स्टन साहेबांचा पुतळाही झाला. चॅन्ट्रीने घडविलेला तो पुतळा टाऊन हॉलमध्ये आहे. पण दादाभाई नौरोजी घडले ते त्या निधीच्या परंपरेतून, पुतळ्याच्या सावलीत नव्हे. ज्यांनी ती वर्गणी दिली ते धनिक शेटिये होते, समाजवादी नव्हते. तरीही भांडवल कोणते आणि उपभोग कोणता, एवढा भेद त्यांना कळत होता.

आपल्या चळवळीला तर याहून जवळचे उदाहरण आहे. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव आदींच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. नामवंत नटांनी 'लग्नाची बेडी' चे प्रयोग केले आणि जमलेल्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था झाली. त्या योजनेच्या नावातच कृतज्ञता आहे. ती व्यक्त झाली ती कार्यकर्त्याच्या घरातील पिठाच्या डब्यात, भिंतीवर नाही. शिवाय तेथे पैशाचा ओघ वरून खाली, म्हणजे प्रसिद्धीकडून अप्रसिद्धीकडे होता. निरोपाच्या तैलचित्रात तो उलटा वाहतो.

यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, व्यक्तिचित्र ही मोठी कला आहे आणि महाराष्ट्राची ती मिरास आहे. मान्य. त्रिंदाद, हळदणकर, गोपाळ देऊसकर यांच्या परंपरेला कोण नाकारील? संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातील लोकमान्यांचे चित्र देऊसकरांचे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातील बालगंधर्वांची दोन रूपेही त्यांचीच. परंतु बालगंधर्व तेथे आहेत ते रसिकांच्या ऋणामुळे. ते त्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते म्हणून नव्हे. आणि हळदणकरांचे सर्वांत लोकप्रिय चित्र कोणाचे? हातात समई घेतलेल्या तरुणीचे, ज्यासाठी त्यांची स्वतःची कन्या उभी राहिली होती. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्याच्यापुढे आजही माणसे थांबतात. हुद्द्याच्या जोरावर टांगलेल्या किती चित्रांपुढे कोणी थांबते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्र काढवून घेणे बंद झाले तर चित्रकाराने खायचे काय? आमच्या तालुक्याच्या गावांतील पेंटर मंडळींनी एके काळी दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे फलक, एसटीच्या गाड्यांवरील अक्षरे यांवर संसार केले. फ्लेक्स आला आणि एका दशकात हा धंदा बसला. आता वर्षाकाठी येणारी एखादी तसबिरीची ऑर्डर हा त्यांचा आधार आहे. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्या ऑर्डरचे स्वरूप पाहिले पाहिजे. साहेबांना बैठकीस वेळ नसतो. पासपोर्ट आकाराचा फोटो हाती दिला जातो, त्यावर चौकटी आखून तो मोठा करायचा, केस थोडे काळे करायचे, समारंभाच्या आदल्या रात्री चौकट बसवून आणून द्यायचे. मंडप आणि भोजन यांचे पैसे आधी चुकते होतात, चित्रकाराचे शेवटी. कायदाही येथे त्याच्या बाजूचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या व्यक्तिचित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. कलाकृतीवर कर्ता म्हणून आपले नाव असावे, हा हक्क तेवढा सत्तावन्नाव्या कलमाने चित्रकाराकडे राखला आहे. गंमत अशी की, या न्यायाने वर्गणीच्या चित्राची मालकी वर्गणीदारांकडे, म्हणजे शिपाई आणि कारकुनांकडेही यायला हवी. चित्र मात्र साहेबांच्या दिवाणखान्यात जाते. चित्रकाराला खरोखर काम द्यायचे असेल तर शाळांच्या भिंती आहेत, दवाखाने आहेत, बसस्थानके आहेत. लेखी करार करा, आगाऊ रक्कम द्या, चित्राखाली त्याचे नाव लिहू द्या. एका साहेबाच्या एका चेहऱ्यापेक्षा हे काम अधिक टिकाऊ आहे आणि अधिक लोकांचे आहे.

तिसरा आक्षेप भावनेचा. काही अधिकारी खरोखरच चांगले असतात. त्यांची आठवण राहू नये काय? अवश्य राहावी. कलाप्रशासनात अशी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. रावबहादूर धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून आले, तेथेच शिक्षक झाले, अधिकारपदे भूषविली आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. आज ते आपल्याला भेटतात ते त्यांच्या चित्रांतून आणि १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आठवणींच्या पुस्तकातून. १९६५ साली स्थापन झालेल्या राज्याच्या कला संचालनालयाला माधव सातवळेकर, बाबुराव सडवेलकर यांच्यासारखे जातिवंत चित्रकार संचालक म्हणून लाभले. त्यांच्या कामाची चिकित्सा व्हावी, त्यांचे निर्णय पुन्हा वाचले जावेत. सन्मानाला घाई नसते. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने, राजघराण्याचा अपवाद सोडता, जिवंत व्यक्तीचे चित्र आपल्या संग्रहात न घेण्याचा नियम १९६९ पर्यंत पाळला. माणूस खुर्चीवरून उतरला, त्याची बदली-बढती करण्याची सत्ता संपली, त्यानंतर काही वर्षांनीही ज्याचे चित्र काढावेसे लोकांना वाटते त्याचेच काढावे, यात शहाणपण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कलेच्या कारभाऱ्याने मागे काय ठेवले, हे पाहण्याची जागा कोणती? माझ्या मते ती सभागृहाची भिंत नसून शाळेचे वेळापत्रक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे म्हटले आहे. शंभराच्या आत पट असेल तर ही अपेक्षाही नाही, म्हणजे लहान गावातील मुलाला चित्रकलेची गरज नाही असाच त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. २०१५ च्या सुमारास महाराष्ट्रात 'अतिथी निदेशक' ही कल्पना पुढे आली: तासाच्या हिशेबाने मानधन, ना सेवेची शाश्वती, ना निवृत्तीवेतन. कोलच्या खात्यातील निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीचे हे धाकटे भावंडच समजावे. इकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा चालू आहेत, इंटरमीजिएटच्या श्रेणीसाठी दहावीला वाढीव गुण आहेत, त्या गुणांसाठी खाजगी वर्ग आहेत. परीक्षा आहे, गुण आहेत, प्रमाणपत्र आहे. शिकविणारा माणूस तेवढा अतिथी आहे. ज्याच्या पालकांना शुल्क परवडते तो खाजगी वर्गात जातो. ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाट्याला कोरा तास येतो.

ज्या अतिथी निदेशकाला स्वतःला कधी निवृत्तीवेतन मिळणार नाही आणि ज्याला निरोप समारंभ तर सोडाच, नियुक्तीचा कागदही वेळेवर मिळत नाही, त्याच्यापुढेही ही वर्गणीची यादी येते. आपल्या क्षेत्रातील विषमता यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणता कागद सांगू शकेल?

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांना आणि सहानुभूतिदारांना मी काही साध्या गोष्टी सुचवितो. शिक्षक आणि कर्मचारी संघटनांतील आपल्या साथींनी ठराव करावा की, वरिष्ठाच्या निरोपासाठी कनिष्ठाकडून वर्गणी घेतली जाणार नाही. ज्याला द्यावयाची असेल त्याने ती बंद पाकिटात, नावाशिवाय द्यावी. नगरपरिषदा आणि शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर आपली माणसे असतील, त्यांनी आग्रह धरावा की संस्थेच्या पैशातून कोणत्याही पदाधिकाऱ्याचे वा अधिकाऱ्याचे चित्र तो पदावर असताना वा निवृत्तीच्या वर्षी काढले जाणार नाही. आणि चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या आपल्या पट्ट्यातील प्रत्येक शाळेत जाऊन कार्यकर्त्यांनी एक वही भरावी: कलाशिक्षकाची जागा मंजूर आहे काय, भरलेली आहे काय, मानधन किती आणि शेवटचे कधी मिळाले, चित्रकलेचा तास खरोखर होतो काय. हे काम दोन महिन्यांत होण्यासारखे आहे. ती वही छापावी, तिच्यातील आकडे जिल्हा परिषदेपुढे आणि आमदारांपुढे ठेवावेत.

पुढच्या मे महिन्यात कोणी तैलचित्रासाठी यादी घेऊन आला, तर सही करण्यापूर्वी ती वही त्याच्या हाती द्यावी आणि निवृत्त होणाऱ्या गृहस्थांनाही दाखवावी. ते खरोखरच कलेचे कारभारी असतील तर कोणती जागा आधी भरावी हे तेच सांगतील.